कृष्णधवल फिल्म आणि नगरचा माळ: रोलवर जिल्ह्याची भूमी कशी उमटते?

एप्रिलमधल्या दुपारी पारनेर तालुक्यातल्या एखाद्या माळावर उभे राहून मोबाइलने फोटो काढला, तर हाती साधारण हेच येते: वर फिकट आकाश, खाली वाळलेल्या कुसळीचा पिवळट पट्टा आणि मध्ये एखादी बाभूळ. रंग असतात, पण जमिनीची घडण दिसत नाही. त्याच जागी ऊन कलल्यावर, कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म घालून आणि भिंगापुढे नारिंगी फिल्टर लावून चित्र घेतले, तर आकाश गडद होते, गवत उजळते आणि बांध, ओघळ, गुरांनी पाडलेल्या पायवाटा उठून दिसू लागतात. रंग गेल्यावर उरतो तो फक्त उजेड-अंधाराचा फरक, आणि नगरसारख्या उघड्याबोडक्या मुलखात पाहण्यासारखे बरेचसे त्या फरकातच असते.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या पसाऱ्यात पश्चिमेला राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) आहे, तर दक्षिणेला कर्जत-जामखेडची पर्जन्यछायेतली माळराने आहेत. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पावसाळाभर डोंगर दिसत नाही असा पाऊस, तर पूर्वेकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी. एकाच जिल्ह्यात उजेडाचे इतके प्रकार असल्यामुळे फिल्मवर काम करणाऱ्याला इथे एकच ठरीव पद्धत चालत नाही.

फिल्मला रंग कसे दिसतात

कृष्णधवल फिल्मवर जिलेटीनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्या कणांत अदृश्य बदल होतो आणि डेव्हलपर नावाचे रसायन त्या बदललेल्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करते. जिथे जास्त उजेड तिथे जास्त चांदी, म्हणून निगेटिव्हवर आकाश काळे आणि सावली पारदर्शक दिसते.

यातली मेख अशी की चांदीच्या क्षारांना मुळात फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच समजतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत आकाश बहुधा कोरे पांढरे असते आणि ढग नसतातच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल याने १८७३ मध्ये दाखवून दिले की क्षारांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर त्यांना हिरवा प्रकाशही कळू लागतो. पुढे लाल रंगापर्यंत मजल गेली आणि ‘पँक्रोमॅटिक’ फिल्म आली. आज मिळणाऱ्या बहुतेक कृष्णधवल फिल्म याच प्रकारच्या. तरीही निळ्याकडचा त्यांचा मूळ ओढा थोडा शिल्लक राहतोच. म्हणून फिल्टर लागतो.

फिल्टरचा नियम सोपा आहे: काच ज्या रंगाची, तो रंग चित्रात उजळतो आणि त्याच्या विरुद्ध रंग गडद होतो. पिवळ्या फिल्टरने निळे आकाश जरा दबते व ढग वेगळे दिसतात. नारिंगीने ते आणखी दबते, लांबच्या डोंगरांवरची निळसर धूसरता कमी होते आणि मुरमाड जमीन उजळते. लाल फिल्टरने आकाश जवळजवळ काळे होते, पण झाडांची पानेही काळवंडतात, सावल्यांतला तपशील जातो आणि दुपार वादळी वाटू लागते. नवशिक्यांना लाल फिल्टरचा मोह पडतो. सुगीच्या शिवारावर तो लावला तर चित्र भयपटातले वाटते, तेव्हा जपून.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. पिवळा फिल्टर निम्मा प्रकाश खातो, नारिंगी साधारण तीन चतुर्थांश आणि लाल तर आठांपैकी सात हिस्से. स्वच्छ उन्हात ४०० आयएसओची फिल्म एफ/१६ वर सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम करते. लाल फिल्टर लावला की तोच शटर साठाव्या भागावर आणावा लागतो. वारा असेल तर ज्वारीची ताटे तेवढ्यात हलतात.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचित सांगितलेली असते. मे महिन्यात नगर-पाथर्डी भागात आकाश निळे नसतेच, धुळीने पांढुरके झालेले असते. ज्यात निळा रंगच नाही ते आकाश कोणत्याही फिल्टरने गडद होत नाही. वळवाचा एखादा पाऊस पडून धूळ बसेपर्यंत थांबणे हाच उपाय.

एका जिल्ह्यातले चार उजेड

अकोल्याच्या डांगाणात, म्हणजे भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, जून ते सप्टेंबर सावलीच पडत नाही. धुक्यात सगळे राखाडी आणि राखाडीतही फरक थोडा. अशा वेळी फिल्म नेहमीपेक्षा जास्त वेळ डेव्हलप करतात, म्हणजे उजळ भाग आणखी उजळतात आणि चित्रात जीव येतो. भातखाचरे आणि करवंदीच्या जाळ्या एकाच राखाडी छटेत मिसळून जाऊ नयेत म्हणून इथे पिवळसर-हिरवा फिल्टर उपयोगी पडतो. त्याने कोवळी हिरवळ उजळते. याच भागात पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला गर्दी होते. पण काजव्यांची पिवळी-हिरवी चमक कृष्णधवल फिल्मवर निव्वळ पांढरा ठिपका होऊन बसते, झाडावर काजवे आहेत की मागे चांदण्या, हे पाहणाऱ्याला सांगावे लागते. ते काम रंगीत छायाचित्रणाचे.

प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्याखालचा राहाता-श्रीरामपूर-कोपरगावचा पट्टा सपाट आणि उसाने भरलेला. उभ्या उसात छायाचित्रकाराच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण नजर आठ-दहा फुटांवर अडते. तोड सुरू झाली की शिवार मोकळे होते. पाचटाचे ढीग, बैलगाड्यांची चाकोरी, पाचट पेटवल्यावरचा धूर आणि त्यातून तिरपे येणारे ऊन हे सगळे कृष्णधवल फिल्मला मानवते. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याआधीचा आणि नंतरचा हा मुलूख दिसायलाही वेगळा आहे.

दक्षिणेकडच्या कर्जत-श्रीगोंद्याच्या माळरानावर उंच काहीच नाही. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याचा परिसर आणि माळढोकसाठी राखलेली गवताळ राने सरकारी कागदांत बऱ्याचदा ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली, आणि छायाचित्रातही ती पडीकच दिसतात, जर ऊन पाठीमागे ठेवून चित्र घेतले तर. तोंड सूर्याकडे केले की चित्र पालटते: गवताच्या प्रत्येक तुऱ्याला उजेडाची कड येते आणि माळ भरलेला असल्याचे कळते. भिंगावर थेट ऊन पडू नये म्हणून टोपीची सावली धरली की काम भागते.

चौथा उजेड नांगरटीचा. रब्बी ज्वारी निघून कडब्याच्या गंजी लागल्या की काळ्या रानाची ढेकळे उघडी पडतात. ओली असताना ती जवळजवळ काळी, वाळली की राखाडी. सकाळी सातच्या आत गेल्यास प्रत्येक ढेकळाची सावली मिळते, नऊनंतर रान सपाट दिसते.

निघोजचा काळा दगड आणि फसणारा मीटर

पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात गोटे भोवऱ्यासारखे फिरून त्यांनी बेसाल्टच्या कातळात रांजणासारखे खोल खड्डे कोरले आहेत. कृष्णधवल छायाचित्रणासाठी जिल्ह्यातली ही बहुधा सर्वांत चांगली आणि सर्वांत अवघड जागा आहे.

अडचण अशी की कॅमेऱ्यातला लाइट मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. काळ्या कातळावर रोखला की तो ‘उजेड कमी आहे’ असे समजून जास्त एक्स्पोजर सुचवतो आणि कातळ राखेच्या रंगाचा येतो. उलट चुन्याने रंगवलेल्या देवळावर तो रोखला की देऊळ मळकट होते. म्हणून कातळावर मीटर धरून आलेल्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यायचा. मग काळा तो काळाच राहतो आणि त्यावरचे कोरीव वळणही दिसते. अमेरिकी छायाचित्रकार अँसेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या ‘झोन सिस्टिम’चे सार हेच आहे: चित्रातली कोणती गोष्ट किती काळी हवी हे आधी ठरवायचे, मग मीटरचे ऐकायचे.

जुन्या लोकांचे एक सूत्र आहे: एक्स्पोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग उजेडासाठी. सावलीत पुरेसा प्रकाश फिल्मवर पोहोचला नाही तर तिथे चांदीच तयार होत नाही आणि नंतर काहीही केले तरी तपशील परत येत नाही. उजळ भाग किती घट्ट होऊ द्यायचा ते मात्र डेव्हलपिंगच्या वेळेवर ठरवता येते. भर उन्हात काढलेला रोल म्हणून थोडा जास्त एक्स्पोज करून पंधरा-वीस टक्के कमी वेळ धुतात. पण रोल एकच असतो. त्यावर निम्मी चित्रे अकोल्याच्या धुक्यातली आणि निम्मी निघोजच्या उन्हातली असतील, तर दोघांनाही न्याय देणारी वेळ नसते. दोन उजेडांसाठी दोन रोल, असा शिरस्ता त्यातूनच आला.

घळीत किंवा कमी उजेडातल्या ओढ्याकाठी वेगळाच घोळ होतो. एक सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, म्हणजे दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट परिणाम होत नाही. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला मीटरने दहा सेकंद सांगितले, तर प्रत्यक्षात वीसेक सेकंद द्यावे लागतात. अकोल्यातल्या सांदण दरीत हा हिशेब विसरणाऱ्याचे रोल काचेसारखे कोरे निघतात.

पाणी तीस अंशांवर, वेळापत्रक वीस अंशांचे

फिल्म घरी धुणे फार अवघड नाही. प्रकाशबंद पिशवीत हात घालून रोल प्लॅस्टिकच्या रिळावर चढवायचा, तो डबीत बंद करायचा आणि मग उजेडात डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो व पाणी या क्रमाने ओतत जायचे. हायपो चांदीचे न वापरलेले क्षार विरघळवतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८१९ मध्येच, म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्याआधी, नोंदवले होते.

खरी अडचण तापमानाची. डी-७६ सारख्या डेव्हलपरच्या छापील वेळा वीस अंश सेल्सिअससाठी असतात. मार्चपासून नगरच्या नळाला येणारे पाणी त्याहून बरेच गरम असते. तापमान वाढले की रसायन झपाट्याने काम करते. चोवीस अंशांवर वेळ साधारण एक तृतीयांश कमी होते, तीसवर ती इतकी आखूड होते की फिल्म एकसारखी धुतली जात नाही आणि आकाशात पट्टे येतात. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डेव्हलपर एकास एक पाण्याने पातळ करणे, म्हणजे वेळ पुन्हा लांबते. दुसरा माठाचा. कोरड्या हवेत माठाच्या अंगावरून पाणी उडते आणि आतले पाणी थंड होते. रसायनाच्या बाटल्या माठाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवल्या की तापमान कामापुरते उतरते. पावसाळी दमट हवेत हा उपाय निकामी, पण तेव्हा पाणीच थंड असते.

शेवटच्या धुण्याला बोअरचे पाणी वापरू नये. जड पाण्यातले क्षार वाळताना निगेटिव्हवर पांढरे डाग सोडतात आणि ते नेमके आकाशात दिसतात. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर पुरते. बॅटरीत घालायला मिळते तेच. वाळत घालण्याची जागा न्हाणीघर, दार लावून. पंख्याखाली वाळवलेल्या निगेटिव्हवर माळाची धूळ कायमची चिकटते.

क्लिक थ्री, इंदू आणि तालुक्याचा स्टुडिओ

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. पण त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटा जागच्या जागी, काही मिनिटांत धुवाव्या लागत, म्हणून खेड्यांत छायाचित्रण पोहोचले ते सरकारी कामाबरोबर. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांची केलेली पाहणी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात रतनवाडी, कोकमठाण, पेडगाव अशी नगर जिल्ह्यातली देवळे आहेत. कझन्स यांचा विषय देऊळ होता. पण अशा छायाचित्रांच्या कडेला झाडी, पायवाट, नदीचा काठ आपोआप आला आहे, आणि आज शंभर वर्षांनी कित्येकदा त्या कडेचीच किंमत जास्त वाटते.

सामान्य घरांत कॅमेरा आला तो आगफा क्लिक थ्रीच्या रूपाने. बडोद्यात जोडला जाणारा हा साधा कॅमेरा १२० च्या रोलवर बारा चौकोनी चित्रे काढी. त्यावर ऊन आणि ढग अशा खुणा होत्या, बाकी ठरवण्यासारखे काही नव्हते. भिंग सामान्य असले तरी त्याची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पटींहून मोठी असे. म्हणूनच घरोघरच्या जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या क्लिकच्या निगेटिव्ह आजही स्कॅन केल्यावर चकित करतात.

फिल्मही देशात बनत असे. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६७ पासून ‘इंदू’ नावाने कृष्णधवल फिल्म व कागद बाजारात आला. रंगीत फिल्मची लाट आली तशी ती मागे पडली आणि पुढे कंपनी बंद झाली. आता कृष्णधवल रोल बाहेरून येतो. तो घेऊन, धुऊन, स्कॅन करेपर्यंत खर्च हजार रुपयांच्या पुढे जातो. त्यामुळे काही जण सिनेमासाठीच्या फिल्मची मोठी रिळे घेऊन रोल स्वतः भरतात.

‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो किती खरे?

नगर जिल्ह्याला छायाचित्राची गरज पडली ती कलेसाठी कमी, पुराव्यासाठी जास्त. १९७२ च्या दुष्काळानंतर इथे पाणलोटाचे काम उभे राहिले: राळेगणसिद्धीत १९७५ पासून, हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर, तर संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत नव्वदच्या दशकात. या गावांची गोष्ट सांगताना दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवली जातात: आधीचा उघडा डोंगर आणि नंतरचा झाडीचा. अशी जोडी पाहणाऱ्याने काही प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न महिन्याचा. मेमधला ‘आधी’ आणि सप्टेंबरमधला ‘नंतर’ शेजारी ठेवले तर कोणताही डोंगर सुधारलेला दिसतो. दुसरा जागेचा. जुन्या चित्रातला दगड, देवळाचा कळस, डोंगराची कड एका रेषेत येईपर्यंत पुढे-मागे सरकून तीच जागा पकडावी लागते आणि भिंगही तेवढ्याच लांबीचे लागते. आल्प्समधल्या हिमनद्या किती मागे हटल्या हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच पद्धतीने मोजले गेले.

तिसरा प्रश्न खास कृष्णधवल फिल्मचा आहे आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. राखाडी छटेवरून हिरवे ओळखता येत नाही. हिरवे गवत आणि वाळके गवत फिल्मवर अगदी सारखेही येऊ शकते. लाल फिल्टर लावला तर हिरवी झाडे गडद होऊन डोंगर दाट वाटतो, हिरवा लावला तर तीच झाडे फिकी पडून डोंगर विरळ वाटतो. फिल्टर कोणता होता हे नोंदलेले नसेल, तर छटेवरून काहीच सिद्ध होत नाही. आकारांवरून मात्र होते: झाडांची संख्या, बांध, समतल चर, ओढ्यातले पाणी.

छायाचित्रकाराने केलेली लहानशी ढवळाढवळही महाग पडते. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या दुष्काळाची सरकारी छायाचित्रे काढताना आर्थर रॉथस्टीन याने साउथ डकोटात बैलाची एक कवटी काही फूट सरकवून तिची वेगवेगळी चित्रे घेतली. दुष्काळ खरा होता, कवटीही खरी होती. पण ती हलवल्याचे बाहेर आले तेव्हा निवडणुकीचे वर्ष होते आणि विरोधी वृत्तपत्रांनी सगळी दुष्काळी छायाचित्रेच बनावट ठरवायचा घाट घातला. भेगाळलेल्या तळ्यात रिकामा हंडा ठेवून फोटो काढणाऱ्यांनी हा किस्सा माहीत करून घ्यावा.

इथे निगेटिव्हचा एक फायदा आहे. छत्तीस चित्रांची पट्टी सलग असते, कडेला क्रमांक असतात. आधीचे आणि नंतरचे चित्र पाहिले की त्या जागी छायाचित्रकार काय करत होता ते बऱ्यापैकी कळते. आज जलसंधारणाच्या कामांना जिओ-टॅग केलेले मोबाइल फोटो लागतात, त्यांत जागा आणि वेळ आपोआप येते. फिल्मवर ती वहीत लिहावी लागते: तारीख, वेळ, गाव, उभे राहिल्याची खूण, भिंग, फिल्टर.

पेटीतल्या निगेटिव्ह

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले तेव्हा शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांच्या जमिनी नाथसागरात गेल्या. त्या आधी भंडारदऱ्याचे धरण (१९२६), नंतर निळवंडे, असे करत जिल्ह्यातला बराच मुलूख पाण्याखाली गेला. त्या शिवारांचे रूप कुठे शिल्लक असेल, तर ते लग्नाच्या, जत्रेच्या, शाळेच्या कृष्णधवल फोटोंच्या मागच्या बाजूला: घाट, पिंपळ, वेस, मळईची जमीन.

या निगेटिव्ह दोन वाटांनी जातात. काही स्टुडिओ बंद होताना रद्दीत आणि तिथून चांदी काढणाऱ्याकडे. काही घरातच खराब होतात: दमट हवेत जिलेटीनवर बुरशी चढते आणि जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. असा वास येणारी पट्टी ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी करावी, कारण तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही नासवते. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा साध्या कागदाची पाकिटे बरी. लोखंडी पेटी माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नये, भिंतीतल्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी, सिलिका जेलची पुडी घालावी आणि ती दर पावसाळ्यापूर्वी बदलावी. स्कॅनर नसेल तर मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर, मध्ये थोडे अंतर सोडून, निगेटिव्ह धरायची आणि दुसऱ्या मोबाइलने तिचा फोटो घेऊन रंग उलटे करायचे. चित्र ओळखण्यापुरते तेवढे चालते. मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ते दाखवून गावाचे नाव आणि अंदाजे साल पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे, शाई निगेटिव्हवर उतरते.